साखळीवर लिहिलेलं वय

32 इंच. कॅटरपिलर 977 च्या आकाराचा जुना लोडर विकत घ्यायला निघालेल्या माणसाने खिशात टेप ठेवावी आणि हा आकडा पाठ करावा. या यंत्राच्या लोखंडी साखळीत एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर नवं असताना 8 इंच असतं. चार कड्यांचं मिळून 32. साखळी ताणून धरली आणि टेप साडेबत्तीसच्या आसपास गेली, तर पिना आणि बुश आतून झिजलेत हे नक्की. रंग कालच मारलेला असो, इंजिन एका सेल्फात सुरू होवो, मीटरवर तास कितीही कमी दिसोत. साखळीने आपलं वय सांगून टाकलेलं असतं.

हे यंत्र मराठी वाचकाला नावाने क्वचितच माहीत असेल. आपल्याकडे चाकांवर चालणाऱ्या पिवळ्या यंत्राला जेसीबी म्हणतात आणि साखळीवरच्या लांब हाताच्या यंत्राला पोकलेन. दोन्ही नावं मुळात कंपन्यांची. पोक्लेन ही फ्रान्समधली कंपनी; तिच्या तंत्रावर लार्सन अँड टुब्रोने भारतात यंत्रं बनवली आणि नाव आपल्या बोलीत कायमचं रुजलं. ट्रॅक लोडर या दोघांहून वेगळा. खाली डोझरची साखळी, पुढे रुंद बकेट. तो खणतो, उचलतो, उचललेला माल घेऊन चालतो आणि ट्रकमध्ये ओततो. चढावर, चिखलात, कचऱ्याच्या ढिगावर, कुठेही. त्याचा खालचा भाग मात्र शेतं सपाट करणाऱ्या डोझरवाल्याला किंवा पोकलेनच्या मालकाला अगदी घरचा वाटेल. चेन, शू, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट हे शब्द ओहायोत चालतात तसेच ते विदर्भातही चालतात.

साखळीचा जन्मच मऊ मातीच्या अडचणीतून झाला. कॅलिफोर्नियात स्टॉक्टन गावाजवळची नदीमुखाची जमीन इतकी भुसभुशीत होती, की वाफेचे जड ट्रॅक्टर तिच्यात रुतून बसत. चाकं कितीही रुंद केली तरी भागेना. 24 नोव्हेंबर 1904 रोजी बेंजामिन होल्ट यांनी चाकांच्या जागी लाकडी फळ्या जोडलेली साखळी बसवून ट्रॅक्टर चालवून पाहिला आणि तो तरला. ते सरपटणं पाहून चार्ल्स क्लेमेंट्स या छायाचित्रकाराला सुरवंट आठवला. त्यातून यंत्राला इंग्रजीतलं सुरवंटाचं नाव मिळालं. 1925 मध्ये होल्ट आणि सी. एल. बेस्ट यांच्या कंपन्या एकत्र आल्या आणि कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली.

पुढची बकेट आली मिलवॉकीहून. तिथली ट्रॅक्सन कंपनी कॅटरपिलरच्या ट्रॅक्टरांना बकेट आणि तिचा सांगाडा जोडून द्यायची. 1951 मध्ये कॅटरपिलरने ती कंपनीच विकत घेतली आणि 1955 मध्ये 933, 955, 977 ही मालिका बाजारात आणली. त्यातल्या 955 ने अमेरिकेतल्या असंख्य घरांची तळघरं खणली. 955एल मध्ये सुमारे 130 अश्वशक्तीचं इंजिन होतं, 977एल मध्ये 190. मग 1981 मध्ये 973 आला: इंजिन मागे, हायड्रोस्टॅटिक चालना. मागचं इंजिन बकेटला तोल देतं आणि चालकाला समोरचं मोकळं दिसतं, म्हणून पुढचे सगळे असेच झाले. या लेखातला ‘जुना’ लोडर त्याआधीचा आहे: इंजिन पुढे, मधे टॉर्क कन्व्हर्टर आणि पॉवरशिफ्ट गिअर, मागे दोन बाजूंना दोन स्टिअरिंग क्लच. अशी यंत्रं अमेरिकेच्या शेतांवर, छोट्या कंत्राटदारांच्या आवारांत, लाकडाच्या वखारींत आजही राबतात. नव्या यंत्राची किंमत न परवडणाऱ्या माणसाला ती हातभार लावतात, आणि नीट जपली तर त्याच्या मुलालाही लावतील.

जपायचं म्हणजे काय, याचं उत्तर खालून सुरू होतं.

साखळीवरच्या कोणत्याही यंत्रात देखभालीच्या एकूण खर्चाचा निम्म्यापर्यंतचा वाटा खालच्या लोखंडावर जातो. इंजिन बिघडलं की यंत्र थांबतं, म्हणून मालकाचं लक्ष इंजिनाकडे. खालचं लोखंड मात्र न थांबता, न ओरडता पैसे खातं. प्रत्येक कडीत एक पिन आणि तिच्याभोवती बुश. स्प्रॉकेटचा, म्हणजे साखळी ओढणाऱ्या दातेरी चाकाचा, दात या बुशला ढकलतो आणि यंत्र पुढे सरकतं. पिन-बुश आतून एकमेकांना घासतात, त्यामुळे साखळी लांबते. बुशची बाहेरची बाजू दात खातो, तीही ठरावीक एकाच अंगाने. इथेच जुन्या लोकांनी एक सुंदर सोय शोधून ठेवली आहे. साखळी उतरवायची, कारखान्यातल्या मोठ्या प्रेसवर पिना-बुश बाहेर काढायचे आणि अर्धा फेरा फिरवून परत ठोकायचे. न झिजलेली बाजू दाताकडे येते, लांबलेली साखळी पुन्हा मापात येते आणि जवळपास दुसरं आयुष्य सुरू होतं. अट एकच: वेळेवर. बुश पार पातळ होऊन तडकला, की फिरवायला काही उरतच नाही. टेप घेऊन साखळीपाशी बसायचं ते या वेळेसाठी.

लांबलेल्या साखळीवर नवे स्प्रॉकेट चढवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण टोकदार झालेले दात डोळ्यांना दिसतात आणि पिनेची आतली झीज दिसत नाही. पण साखळीचा पीच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, वाढलेला आणि दातांचा मूळचा, असा जोड जमत नाही. नवे दातही लवकरच टोकदार होतात. पैसे दोनदा जातात. बहुतेक जुन्या स्प्रॉकेटांचे दात विषम संख्येत असतात, हेही पाहण्यासारखं. बुश एकाआड एक दातावर बसतो, आणि विषम संख्येमुळे एका फेऱ्यात सुटलेला दात पुढच्या फेऱ्यात कामाला लागतो. झीज सगळ्यांत वाटली जाते. कागदावर पेन्सिलने मोजणी करून कुणीतरी हे ठरवलं, ते आजही चालतं.

डोझरपेक्षा लोडरची साखळी लवकर का झिजते? लोडर निम्मा वेळ मागे जातो. ढिगात घुसायचं, भरायचं, मागे यायचं, वळायचं, ओतायचं. उलट जाताना बुश दाताच्या दाबाखालीच फिरतो आणि झीज कित्येक पटींनी वाढते. म्हणून ट्रक जवळ उभा करणं, रिकाम्या फेऱ्या टाळणं, उलट जाताना वेग न मारणं आणि एकाच बाजूला सतत न वळणं, ही देखभालच आहे, तीही एक पाना न उचलता होणारी. हा सगळा हिशेब चालकाच्या हातात असतो. मालकाने त्याला तो समजावून सांगायला हवा.

मग ताण. साखळी फार ढिली असली तर आयडलरवरून, म्हणजे पुढच्या मोकळ्या चाकावरून, उतरते आणि वळताना फटके मारते; फार घट्ट असली तर प्रत्येक पिन, बुश, बेअरिंग आणि सील रात्रंदिवस भाराखाली राहतं. या आकाराच्या यंत्रात वरच्या रोलर आणि पुढच्या आयडलरच्या मधे साधारण 25 ते 38 मिलिमीटर झोळ ठेवतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकात असतो. पट्टी साखळीवर आडवी ठेवायची आणि मधला खड्डा मोजायचा. गंमत अशी, की हे माप यंत्र धुऊनपुसून घ्यायचं नाही. ज्या चिखलात ते काम करतं, तो चिखल दातांत आणि कड्यांत भरलेला असतानाच घ्यायचं, कारण भरलेला चिखल साखळी आपोआप ताणतो. कोरड्या आवारात बरोबर बसवलेली चेन ओल्या मातीत गेल्यावर ताठ होते.

ताण देण्याची युक्ती साधी आहे. आयडलरच्या मागे एक जॅक असतो, त्यात ग्रीस गनने ग्रीस भरलं की आयडलर पुढे सरकतो. ढिली करायची असेल तर झडप सोडून ग्रीस बाहेर काढायचं. आणि हीच जागा जीवघेणी आहे. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. झडप एका फेऱ्यापेक्षा जास्त सोडू नये, तिच्यासमोर चेहरा किंवा छाती आणू नये, ग्रीस खरंच बाहेर आलं का हे वाकून पाहू नये. आयडलरमागची धक्के झेलणारी मोठी स्प्रिंगही आवळून बसवलेली असते; तिच्या बोल्टांना हात घालणं हे घरच्या आवारातलं काम नाहीच. पैसे वाचवायला निघालेल्या माणसाने इथे न चुकता अनुभवी कारखाना गाठावा.

दिवसाचं काम संपल्यावर साखळीच्या बाजूने चालत जाऊन पिनांच्या टोकांजवळ हात नेणारे जुने चालक असतात. आता हातात इन्फ्रारेड थर्मामीटर असतो, कल्पना तीच. ज्या साखळीत पिनेभोवती तेल सीलबंद असतं, तिच्या सगळ्या पिना सारख्या कोमट हव्यात. एखादीच तापली, तर तिचं सील गेलं, तेल गेलं, आणि आता लोखंडावर लोखंड घासतंय. अशा साखळीत टेप बराच काळ काहीच सांगत नाही, उष्णता सांगते. रोलरचंही तसंच: एक तापलेला, शेजारचे थंड, म्हणजे तापलेल्यातलं तेल संपलं. उलट सगळे तापलेले असताना एकच थंड असला, तर तो फिरतोय का हे खाली वाकून पाहायला हवं. जाम झालेल्या रोलरवरून साखळी नुसती घसरत राहते आणि त्याच्या एका बाजूला सपाट पट्टा पडतो.

आता ज्या तक्रारीसाठी मिस्त्रीला सर्वांत जास्त बोलावणं येतं, ती. यंत्र सरळ जातं, पण एका बाजूला वळत नाही. किंवा भार आला की एक साखळी उभीच राहते.

इथे घाईने मागचं झाकण उघडणं हीच मोठी चूक. प्रश्न आधी बोलून स्पष्ट करायचा. पेडल दाबलं तरी वळत नाही, म्हणजे क्लच सुटत नाही. पेडल न दाबताही एक बाजू भार घेत नाही, म्हणजे क्लच धरत नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. ज्या मॉडेलांत पेडलने वळवतात, त्यांत पेडलचा पहिला भाग क्लच सोडतो आणि पुढचा भाग ब्रेक लावतो. दुवे झिजले किंवा मापाबाहेर गेले, की क्लच पुरता सुटण्याआधीच ब्रेक लागतो आणि चालकाला वाटतं क्लच गेला. दुव्यांचं माप तपासायला अर्धा तास लागतो. क्लच उघडायला दिवस लागतात.

कोरड्या स्टिअरिंग क्लचची यंत्रं वर्षानुवर्षं झाडाखाली उभी राहिली, की प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात. असं यंत्र सरळ रेषेत झकास चालतं आणि वळायचं नाव घेत नाही. मोकळ्या, सपाट जागी, पेडल किंवा लिव्हर पूर्ण दाबून ठेवून, हलक्या भाराखाली पुढे-मागे करत राहिलं तर कधी कधी प्लेटा सुटतात. नाही सुटल्या तर खोलण्याला पर्याय नाही. उलट क्लच घसरत असेल, तर क्लचच्या कप्प्यात गिअरच्या बाजूचं तेल झिरपून आलं का हे पाहावं. त्या कप्प्याच्या तळाला निचऱ्याचा बूच असतो. कोरड्या कप्प्यातून तेल निघालं, तर दुखणं प्लेटांच्या आधी सीलचं आहे. नुसत्या नव्या प्लेटा टाकल्या तर त्याही तेलात भिजणार.

यंत्र थंड असताना जोरात चालतं आणि दुपारनंतर मान टाकतं, ही दुसरी नेहमीची तक्रार. तापलेलं तेल पातळ होतं. पंप झिजलेला असला, सील कुठे सुटलेलं असलं, तर पातळ तेल निसटतं आणि गिअरपेटीतल्या क्लचला लागणारा दाब तयार होत नाही. इथे अंदाजाला जागा नाही. गेज लावायचा आणि थंड तेलावरचा व गरम तेलावरचा दाब पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून पाहायचा. त्याआधी गिअरच्या तेलाची जाळी आणि तिच्यातलं चुंबक काढून बघायचं. ही जाळी म्हणजे यंत्राची नाडी. चुंबकाला चिकटलेली काळी, मऊ पूड ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारे पोलादाचे तुकडे गिअर किंवा बेअरिंगकडे बोट दाखवतात. चुंबकाला न चिकटणारी पिवळसर चमक ब्राँझची, म्हणजे क्लचच्या प्लेटा किंवा थ्रस्ट वॉशर. पांढरट चमक ॲल्युमिनियमची, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा संशय. ज्याला हे वाचता येतं, तो यंत्र न उघडता आत डोकावतो. प्रयोगशाळेत तेलाचा नमुना पाठवण्यामागेही हेच आहे. तिथे लोखंड आणि तांब्याच्या जोडीने सिलिकॉनही मोजतात, कारण सिलिकॉन वाढलं म्हणजे कुठून तरी धूळ आत जातेय.

शेवटच्या चालनेच्या पेटीतलं, म्हणजे फायनल ड्राइव्हमधलं तेल तर कित्येक मालक वर्षभर पाहतही नाहीत. तिथलं सील दोन घासून आरशासारख्या केलेल्या धातूच्या कड्यांचं असतं, प्रत्येकीमागे रबराची गोल रिंग. कड्या एकमेकींवर फिरतात, रबर त्यांना दाबून धरतं, आणि चिखलात बुडूनही आतलं तेल आत राहतं. कचऱ्याच्या डेपोवर काम करणाऱ्या लोडरला तार गुंडाळली गेली, की ती याच सीलमध्ये शिरते. नवी जोडी बसवताना कड्यांवर बोटाचा ठसा किंवा कापडाचा धागाही राहता कामा नये. उन्हात, वाऱ्यात, धुळीत बसवलेलं सील पहिल्याच आठवड्यात गळलं, तर सीलला दोष देऊ नये.

हायड्रॉलिकच्या बाबतीत एक जुना नियम फार उपयोगी पडतो. सगळीच कामं मंद झाली असतील, तर दुखणं सगळ्यांच्या वाटेवर आहे: तेलाची पातळी, पंप, मुख्य रिलीफ झडप, किंवा पंपाकडे येणाऱ्या पाइपमधून शिरणारी हवा. पंपाचा किंचाळल्यासारखा आवाज आणि टाकीत फेस दिसला, तर हवाच शोधायची. एकच काम मंद झालं असेल, तर त्याचा जॅक आणि त्याची झडप, बाकी कशाला हात नको. उचललेलं बूम, म्हणजे बकेट धरणारा हात, हळूहळू खाली येत असेल, तर जॅकचं पॅकिंग गेलं की झडपेची दांडी झिजली, हे वेगळं करायला हवं. बूम जमिनीवर टेकवून, दाब पूर्ण सोडून, जॅक टोकाला नेलेला असताना दाब नसलेल्या बाजूचा पाइप काढतात आणि दुसऱ्या बाजूने दाब देतात. उघड्या तोंडातून तेल वाहतच राहिलं तर पॅकिंग. कोरडं राहिलं तर झडप. दोन जॅकांपैकी कोणता, हेही याच रीतीने कळतं.

पाइपातली बारीक गळती कधीही हाताने चाचपायची नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाने येणारं तेल कातडी भेदून आत जातं. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा पाइपासमोर धरायचा, तेल पुठ्ठ्यावर उमटतं. आणि उचललेल्या बूमखाली, ते यंत्राच्याच टेकूवर पक्कं अडकवल्याशिवाय, कुणीही जायचं नाही. चावी काढण्याएवढ्या वेळापुरतंही नाही.

इंजिनाबद्दल लिहायला तुलनेने थोडं उरतं, कारण ही इंजिनं दणकट आहेत आणि डिझेलचं काम करणारे मिस्त्री सगळीकडे आहेत. जोर कमी पडला तर नोझल आणि पंप काढण्याआधी डिझेलचा फिल्टर, टाकीच्या तळातलं पाणी आणि हवेचा फिल्टर पाहावा. लाइनमध्ये हवा धरली असेल तर हातपंप मारून हवा काढावी. सकाळी सेल्फ मंद फिरत असेल, तर 24 व्होल्टच्या बॅटऱ्यांआधी जमिनीची, म्हणजे यंत्राच्या सांगाड्याला जोडलेली, केबल घासून साफ करावी. जुन्या यंत्रात गंजलेला तो एक जोड अनेक सेल्फ वाया घालवतो. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. जुन्या कॅटरपिलर इंजिनांपैकी बऱ्याच इंजिनांत ग्लो प्लग असतात. तापलेल्या ग्लो प्लगवर ईथरचा फवारा मारला, तर स्फोट पिस्टनच्या माथ्यावर होतो. थंडीत घाईने मारलेला एक फवारा अख्खं इंजिन घेऊन जाऊ शकतो.

पोटाखालचे पत्रे वर्षातून निदान एकदा उतरवावेत. तेलात भिजलेला पाचोळा, माती, लाकडाचा भुसा तिथे साठतो. एक गळका पाइप आणि तापलेला एग्झॉस्ट भेटला की आग लागते. जंगलात आणि कचऱ्यावर काम केलेली कितीतरी यंत्रं अशी जळाली आहेत.

या सगळ्याला आधार लागतो कागदाचा. एकाच 955 नावाखाली के, एल अशा आवृत्त्या झाल्या, आणि प्रत्येकीत सुटे भाग बदलले. म्हणून नावापेक्षा नंबर प्लेटवरचा सीरियल नंबर आणि त्याच्या सुरुवातीची अंक-अक्षरं महत्त्वाची. त्या नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल आणि पार्ट्सचं पुस्तक ही पहिली खरेदी, पहिल्या पान्याच्याही आधीची. अमेरिकेत जुन्या कॅटरपिलर यंत्रांच्या मालकांचा एक क्लब आहे, आणि ओहायोतल्या बोलिंग ग्रीनला जुन्या बांधकाम यंत्रांचं एक संग्रहालय आहे. कागद जपणारी माणसं तिथे भेटतात. आपल्याकडे भारत अर्थ मूव्हर्सने कोमात्सूच्या सहकार्याने बनवलेल्या डोझरांची पुस्तकं अनेक जुन्या कारखान्यांच्या कपाटांत धूळ खात पडलेली असतात. ती रद्दीत जाऊ नयेत, एवढी विनंती हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येक गॅरेजवाल्याला करावीशी वाटते.

संध्याकाळी काम संपल्यावर फावडं घेऊन रोलरांमधली माती काढायची. थंड प्रदेशात ती रात्रीत गोठते आणि सकाळी साखळी हलत नाही, आपल्याकडे ती सुकून विटेसारखी होते. मग यंत्र लाकडी फळ्यांवर आणून बकेट जमिनीवर टेकवायची. सकाळी, सेल्फ मारण्याआधी, इंजिनाच्या तळाचा बूच हलकासा सैल करायचा. रात्रभर उभ्या राहिलेल्या तेलात पाणी मिसळलेलं असेल तर ते तळाशी बसलेलं असतं, आणि बूचाभोवती येणारा पहिला थेंब तेलाचा आहे की पाण्याचा, हे वाकून पाहिलं जातं. तेल असेल तर बूच आवळायचा, टेप खिशात टाकायची आणि ग्रीस गन घेऊन बकेटच्या पहिल्या पिनेपाशी बसायचं.